आयसीयूतले शेवटचे निर्णय : सीपीआर, व्हेंटिलेटर आणि लिव्हिंग विलबद्दल सातारा-सांगलीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जतचा पेशंट मिरजेला येतो, पाटणचा कराडला, फलटण-वाईचा साताऱ्याला नाहीतर थेट पुण्याला. दवाखाना बदलला तरी आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्या माणसांचे प्रश्न बदलत नाहीत. नातेवाइकांच्या तोंडी हे प्रश्न जसे येतात, तसेच इथे घेतले आहेत.

डीएनएआरवर सही केली म्हणजे उपचार बंद का?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे आणि तो नातेवाइकांइतकाच काही नर्स-डॉक्टरांच्याही डोक्यात असतो. डीएनएआर म्हणजे ‘डू नॉट अटेम्प्ट रिससिटेशन’. या कागदाचा अर्थ एवढाच, की हृदय बंद पडलं तर छाती दाबायची नाही, शॉक द्यायचा नाही आणि त्या क्षणी घशातून नळी घालून कृत्रिम श्वास सुरू करायचा नाही. अँटिबायोटिक, ऑक्सिजन, सलाईन, रक्त, डायलिसिस, वेदनेचं औषध, अंग पुसणं, कूस बदलणं यांतलं काहीही या कागदाने थांबत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०२० साली याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांतही डीएनएआर फक्त सीपीआरपुरता, म्हणजे थांबलेलं हृदय पुन्हा चालू करण्याच्या प्रयत्नापुरता, असल्याचं स्पष्ट केलं आहे. डायलिसिस नको किंवा व्हेंटिलेटर नको हे वेगळे निर्णय आहेत. ते वेगळे बोलून वेगळे लिहून घ्यावे लागतात.

सीपीआरमध्ये नेमकं काय करतात?

पेशंटला पाठीवर सपाट झोपवून पाठीखाली फळी सरकवतात. छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबतात. घशात नळी नसेल तर ३० दाबांनंतर हाताने दाबून हवा देणाऱ्या अँब्यू बॅगने २ श्वास. दर दोन मिनिटांनी दाबणारा माणूस बदलतो, कारण हात थकले की खोली कमी होते. दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनालिन. मॉनिटरवर शॉक देण्याजोगा ठोका दिसला तरच शॉक. सिनेमात दाखवतात तशा सपाट रेषेला शॉक देत नाहीत. म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या यात बऱ्याचदा मोडतात आणि पहिल्या मिनिटालाच हाताखाली कटकन आवाज येतो. सीपीआर नीट केला तरीही हे होतं.

अचानक हार्ट अटॅक येऊन ठोका बिघडलेल्या पन्नाशीच्या माणसाला याच दाबण्याने जीवदान मिळतं. तिथे दोन मिनिटांचा उशीरही महागात पडतो, कारण रक्त पोचलं नाही की चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. मात्र सगळीकडे पसरलेला कॅन्सर, अखेरच्या टप्प्यातलं लिव्हर किंवा एकामागून एक बंद पडत गेलेले अवयव असतील, तर हृदय हे थांबणारं शेवटचं यंत्र असतं. ते चालू केलं तरी ज्या कारणाने थांबलं ते कारण जागेवरच राहतं. अमेरिकेतल्या मोठ्या नोंदींनुसार दवाखान्यात सीपीआर लागलेल्या सर्व प्रकारच्या पेशंटपैकी साधारण चार-पाचांतला एक घरी जातो. वर सांगितलेल्या पेशंटमध्ये हे प्रमाण त्याहून बरंच खाली असतं.

डॉक्टर विचारतात, “सगळं करायचं का?” काय सांगायचं?

प्रश्नच चुकीचा आहे. “नको” म्हणायला कुठल्या मुलाची जीभ वळेल? “सगळं करा” असंच उत्तर येतं, आणि त्या दोन शब्दांवर पुढचे पंधरा दिवस उभे राहतात. असा प्रश्न आला तर उलट विचारा, “सगळं म्हणजे काय काय? त्यातून तात्या उठून बसतील का, की नुसते मशीनवर राहतील?”

चांगला डॉक्टर पेशंटच्या स्वभावाकडून सुरुवात करतो :

“तात्या आजारपणाबद्दल कधी काही बोलले होते का?”
“गेल्या साली शेजारचे अण्णा तीन आठवडे मशीनवर होते. तवा म्हणालेले, माझं असं करू नका.”
“असं म्हणजे कसं, काही म्हणाले होते?”
“दुसऱ्यानं उचलून बसवायचं, ते नगं, म्हणालेले.”

ही चार वाक्यं तारीख-वेळेसह केसपेपरवर उतरली पाहिजेत. मुलाला काय हवं आहे यापेक्षा तात्यांना काय हवं असतं, हे त्यांतून कळतं. सगळी चर्चा त्याच्याभोवती व्हायला हवी. आणि तात्या शुद्धीवर असतील तर त्यांनाच विचारायचं. “त्यांना काही सांगू नका” हा आपल्याकडचा रिवाज प्रेमापोटीचा आहे, पण ज्याचं शरीर आहे त्यालाच तो बाहेर बसवतो.

डीएनएआर ठरवतं कोण? सगळा भार आमच्या सहीवर का?

भार तुमच्यावर असायला नको. सीपीआरचा उपयोग होईल की नाही, हा वैद्यकीय निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा असतो. पेशंट शुद्धीवर असेल तर त्याच्याशी, नसेल तर जवळच्यांशी बोलून तो कागदावर येतो. “आमच्या मते छाती दाबून त्यांना फायदा होणार नाही, फक्त त्रास होईल, म्हणून आम्ही ते न करण्याचा सल्ला देतो” असं डॉक्टरांनी स्वतः म्हणायचं असतं. फॉर्म पुढे सरकवून “इथे सही करा” एवढंच झालं, तर घरच्यांच्या मनात आपणच मारल्याची सल राहते. समजून घ्यायला वेळ मागा, खुर्ची मागा, आणि पटत नसेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत मागा.

दवाखान्यांच्या बाजूने चूक बहुतेक वेळा पाळी बदलताना होते. फॉर्म फाइलच्या मागच्या खिशात असतो, रात्रपाळीच्या डॉक्टरला (आरएमओला) कोणी सांगितलेलं नसतं, मॉनिटर वाजतो आणि पहाटे चारला सीपीआर सुरू होतो. म्हणून डीएनएआर केसपेपरच्या पहिल्या पानावर, नर्सच्या चार्टवर आणि प्रत्येक हँडओव्हरला तोंडी सांगितलेला असावा. प्रकृती बदलली, पेशंट दुसऱ्या वॉर्डात गेला, ऑपरेशन ठरलं, की तो पुन्हा तपासायचा. ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञाशी वेगळं बोलायला हवं, कारण भुलीमुळे थांबलेलं हृदय आणि आजारामुळे थांबलेलं हृदय यांत फरक आहे.

आणि नाटकी सीपीआरला ठाम नकार द्या. नातेवाइकांचं समाधान व्हावं म्हणून पडद्याआड दोन-चार मिनिटं हलक्या हाताने छाती दाबायची, याला आतल्या भाषेत ‘स्लो कोड’ म्हणतात. ही फसवणूक आहे. करायचा तर पूर्ण करायचा, नाहीतर करणार नाही असं आधी सांगायचं.

मत बदललं तर?

कधीही बदलता येतं. तोंडी सांगा आणि लगेच लिहून घ्यायला लावा.

आशा सोडायची घाई कुठे करू नये?

आपल्या भागात याचं उत्तर ठरलेलं आहे. मण्यार, औषध प्यालेला माणूस आणि नुकतंच बंद पडून चालू झालेलं हृदय.

मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज नाही, खूण धड दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात आणि सकाळपर्यंत श्वास बंद होतो. व्हेंटिलेटरवर आलेल्या या माणसाच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात, उजेडाला हलत नाहीत, डोळे फिरत नाहीत, चिमटा काढला तरी बोट हलत नाही. कोणीही ‘ब्रेन डेड’ म्हणेल. प्रत्यक्षात मेंदू शाबूत असतो, फक्त नसांची टोकं विषाने बंद पडलेली असतात, आणि तो सगळं ऐकत असू शकतो. एकदा लकवा बसला की सापाच्या विषावरचं औषध तो लगेच उलटवू शकत नाही. नवी टोकं तयार होईपर्यंत काही दिवस, कधी दोन आठवडेही, व्हेंटिलेटर चालवावा लागतो. मग माणूस चालत घरी जातो. साप कोणी पाहिला नसेल, तरी रात्री खाली झोपलेला आणि सकाळी लुळा पडलेला तरुण आला की आधी मण्यारच डोक्यात यायला हवी.

द्राक्षबागेवर फवारायचं ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशक प्यालेल्या माणसाचंही तसंच. पहिल्या दिवशी अ‍ॅट्रोपिन या उताऱ्याने सुधारलेला पेशंट साधारण २४ ते ९६ तासांत पुन्हा ढासळू शकतो. त्याला उशीवरून मान उचलता येत नाही, ही पहिली खूण. मग श्वास कमी पडतो. इथेही एक ते तीन आठवडे व्हेंटिलेटर लागू शकतो आणि बरं होण्याची शक्यता चांगली असते. अ‍ॅट्रोपिन भरपूर चालू असताना बाहुल्या मोठ्या होतात, म्हणून त्यांवर भरवसा ठेवू नये. “त्यानं स्वतःच प्यालंय, जाऊ द्या” हे तर कारणच नव्हे.

सीपीआरनंतर हृदय चालू झालं पण शुद्ध आली नाही, तर मेंदूबद्दलचं भाकीत निदान ७२ तास थांबून, ताप उतरवून आणि झोपेच्या औषधांचा अंमल पूर्ण संपल्यावर करायचं असतं.

काहीच ठरत नाही. मधला मार्ग आहे का?

आहे, आणि आमच्या मते तोच सगळ्यात कमी वापरला जातो. ठरावीक मुदतीचा प्रयत्न. “पाच दिवस पूर्ण जोर लावू” असं ठरवायचं आणि सुधारणा कशाला म्हणायचं हेही आधीच लिहायचं. रक्तदाब टिकवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनालिनचा डोस निम्म्यावर आला का, ऑक्सिजन ८० टक्क्यांवरून ५० वर उतरला का, लघवी सुरू झाली का, हाक मारल्यावर डोळे उघडतात का. मुदतीच्या दिवशी सकाळी डॉक्टर आणि घरचे एकत्र बसतात. आकडे सुधारले तर पुढे चालू. सगळे उलटे गेले असतील तर आणखी यंत्रं वाढवायची नाहीत, एवढं तरी ठरतं. मुदत न घालता सुरू झालेला व्हेंटिलेटर थांबवायची वेळ कोणालाच सापडत नाही.

घरात एकमत नाही. धाकटा म्हणतो घरी न्या, पुण्याहून आलेला थोरला म्हणतो काहीही करा.

पेशंटच्या वतीने कुणी बोलायचं याचा क्रमवार नियम आपल्याकडे कायद्यात आखून दिलेला नाही, म्हणून डॉक्टर एकमत शोधतात. लांबून आलेल्या माणसाने गेल्या सहा महिन्यांची घसरण पाहिलेली नसते. त्याच्या रागात बराचसा अपराधीपणा असतो. त्याला बाजूला न ठेवता आत नेऊन पेशंट दाखवा, रिपोर्ट दाखवा, एक रात्र जाऊ द्या. बैठकीला एकच डॉक्टर आणि घरातले ठरलेले तीन-चार जण असावेत. सगळी भावकी आत शिरली की निर्णय आवाजावर होतो. आणि कोपऱ्यात बसलेल्या बायकोला विचारा. रात्रीची उशाशी तीच होती, पण सही मागायला सगळे मुलाकडे जातात. लग्न होऊन गेलेल्या मुलींचंही तसंच.

व्हेंटिलेटर काढणं म्हणजे इच्छामरण नाही का? पोलीस केस होईल?

प्राणघातक इंजेक्शन देणं भारतात गुन्हा आहे आणि राहील. बरं न होणाऱ्या पेशंटचा कृत्रिम आधार थांबवून आजाराला आपल्या वाटेने जाऊ देणं याला मात्र सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आहे. २०११ साली अरुणा शानबाग प्रकरणात पहिली वाट निघाली. ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ प्रकरणात सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ खाली, म्हणजे जगण्याच्या हक्काचाच भाग म्हणून, मान्य झाला, पण पद्धत इतकी किचकट होती की ती क्वचितच वापरली गेली. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली. आज ती अशी चालते :

दवाखाना पहिलं वैद्यकीय मंडळ नेमतो. त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान ५ वर्षं अनुभवाचे निदान दोन तज्ज्ञ असतात. त्यांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. ते “थांबवावं” म्हणाले की दवाखाना दुसरं मंडळ नेमतो. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नाव दिलेले एक नोंदणीकृत डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले, तितक्याच अनुभवाचे निदान दोन तज्ज्ञ. तेही शक्यतो ४८ तासांत. जवळच्या नातेवाइकांची किंवा लिव्हिंग विलमध्ये (शेवटी कोणते उपचार नकोत हे पेशंटने आधीच लिहून ठेवलेल्या कागदात) नाव असलेल्यांची लेखी संमती घ्यायची. अंमल करण्याआधी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. कळवायचं फक्त, आता त्यांनी येऊन पाहायची अट राहिलेली नाही. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येतं.

अडतं ते दुसऱ्या मंडळापाशी. तालुक्याच्या दहा खाटांच्या दवाखान्यात पहिले दोन तज्ज्ञच मिळत नाहीत, वरून आणखी दोन कुठून आणायचे? शिवाय जिल्ह्याकडून नाव कोण देणार हे शुक्रवारी संध्याकाळी कोणालाच माहीत नसतं. चौकशी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयापासून सुरू करा. दवाखान्याने अशी नावं आधीच मागवून ठेवली असतील तर चार दिवस वाचतात.

लिव्हिंग विल कसं करायचं?

वय १८ पूर्ण आणि डोकं ठिकाणावर हवं. साध्या, स्पष्ट मराठीत लिहिलं तरी चालतं. कोणत्या अवस्थेत कोणते उपचार नकोत हे नेमकं लिहा. “हाल नकोत” एवढं लिहून उपयोग नाही. “बरं होण्याची आशा नाही असं डॉक्टरांचं मत झाल्यास मला व्हेंटिलेटर, डायलिसिस आणि सीपीआर नको. वेदनेचं औषध पूर्ण द्यावं” असं लिहा. तुमच्या वतीने बोलणाऱ्यांची नावं घाला, शक्यतो एकाहून जास्त. दोन साक्षीदारांसमोर सही करा आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्या. एक प्रत महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, एक घरच्या डॉक्टरांकडे, एक नाव घातलेल्यांकडे. कपाटातल्या लॉकरमध्ये कुलूपबंद ठेवलेला कागद रात्री दोनला कोणाच्याच कामाचा नसतो. १०८ बोलावलीत आणि कागद समोर नसेल, तर आलेले डॉक्टर सीपीआर सुरू करणार, आणि त्यांनी तेच करावं.

लेखी देऊन हा कागद कधीही रद्द करता येतो. तुम्ही शुद्धीवर आणि बोलते आहात तोवर तुमचा शब्दच चालतो, कागद नाही.

आमच्याकडे सल्लेखना घेतात. तिचा याच्याशी संबंध आहे का?

सांगली-मिरज भागातल्या जैन घरांतून हा प्रश्न हमखास येतो. सल्लेखना हे अन्नपाणी हळूहळू सोडून मरण स्वीकारण्याचं धार्मिक व्रत आहे, लिव्हिंग विल हा उपचारांबद्दलचा कागद. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये हे व्रत गुन्हा ठरवलं होतं, त्याला त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. दवाखान्याच्या दृष्टीने मुद्दा साधा आहे. शुद्धीवरचा प्रौढ माणूस उपचार नाकारू शकतो, आणि व्रताची इच्छा आजीने आजारी पडण्याआधीच डॉक्टरांना स्वतःच्या तोंडाने सांगितली, तर पुढे कोणाची ओढाताण होत नाही.

नळी काढताना त्यांना त्रास होईल का?

तयारी केली असेल तर नाही. स्नायू लुळे करणारं औषध चालू असेल तर ते बंद करून त्याचा अंमल पूर्ण उतरू देतात, नाहीतर माणूस गुदमरतोय हे दिसणारच नाही. मग मॉर्फिन, आधी घेतलेलं नसेल तर साधारण २ ते ४ मिलिग्रॅम शिरेतून, आणि बेचैनीसाठी मिडॅझोलम १ ते २ मिलिग्रॅम. श्वास जोरात चालला, कपाळाला आठ्या पडल्या, नाकपुड्या फुलल्या की पुन्हा. घशातल्या घरघरीसाठी ग्लायकोपायरोलेट ०.२ मिलिग्रॅम. व्हेंटिलेटरचा ऑक्सिजन २१ टक्क्यांपर्यंत आणि दाब पायरीपायरीने १५ ते ३० मिनिटांत खाली आणतात. प्रत्येक पायरीला पेशंट शांत आहे ना हे बघूनच पुढची. मॉनिटरचा आवाज बंद, पडदा ओढलेला, घरचे हात धरून.

त्यानंतर काही मिनिटं लागतील की दिवस, हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. लांब लांब अंतराने येणारे आचके दिसायला भयंकर असतात, पण बहुधा त्या वेळी माणूस बेशुद्ध असतो. मॉर्फिन त्रास शमवण्यासाठी, त्रासाच्या मापाने वाढवलं तर तो खून नव्हे. प्रत्येक डोस का दिला हे दर वेळी चार्टवर लिहिलेलं असावं, “श्वास ३६, कण्हतात” असं.

अडचण इतकीच, की छोट्या दवाखान्यात मॉर्फिन नसतंच. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणं सोपं झालं, तरी रजिस्टरच्या धास्तीने अनेक जण ठेवत नाहीत. भरती करतानाच विचारून घ्या.

पोटात अन्न नाही, पाणी नाही. उपाशी मारतोय असं वाटतं.

शेवटच्या दिवसांत भूक-तहान आपोआप मंदावते. जास्तीचं सलाईन पायांत आणि फुप्फुसांत साठतं आणि घरघर वाढवतं. कोरडं पडतं ते तोंड. दर दोन तासांनी ओल्या बोळ्याने ओठ आणि जीभ पुसा. गंगाजलाचे दोन-चार थेंब ओठांवर लावायला हरकत नाही, चमचाभर घशात ओतू नका. तुळशीचं पान ओठांवर ठेवायलाही कोणी अडवू नये.

घरी नेलं तर चालेल? गावाकडे शेवट व्हावा अशी त्यांची इच्छा आहे.

इच्छा रास्त आहे. वाट चुकते ती ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज’वर सही घेऊन, अँब्यू बॅग दाबत गाडीतून नेण्याने. दवाखाना मोकळा होतो, पेशंट आटपाडीच्या वाटेवर औषधाविना तडफडतो आणि बॅग कधी सोडायची हे घरातल्या कोणालातरी ठरवावं लागतं. त्याऐवजी नियोजन करून घरी सोडायला सांगा. केसपेपरवर निदान आणि ‘पुढील उपचार आरामासाठी’ असं लिहिलेलं, तोंडातून किंवा त्वचेखालून द्यायची औषधं बरोबर, फोन नंबर आणि गावातले डॉक्टर आधीच कळवलेले.

ब्रेन डेड सांगितलं, पण छाती तर हलतेय.

ती व्हेंटिलेटर हलवतोय. मेंदूचा देठ कायमचा बंद झाल्याचं १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं मंडळ तपासून ठरवतं. बाहुल्या, पापण्यांची हालचाल, कानात बर्फाचं पाणी, खोकला, आणि शेवटी व्हेंटिलेटर थांबवून रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देऊनही श्वास येतो का. हे सगळं किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा. त्या काळात हातपाय हलले तर ती पाठीच्या कण्याची हालचाल असू शकते. अंग थंड असेल, झोपेचं औषध उतरलेलं नसेल किंवा मण्यारीची शंका असेल तर ही तपासणी करायचीच नाही. अवयवदानाला होकार असेल तर आपल्या जिल्ह्यांचा समन्वय पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडून होतो. खंबाटकीत किंवा महामार्गावर झालेला अपघात असेल तर पोलिसांची परवानगीही लागते, म्हणून त्यांना लवकर कळवा.

छातीत शॉक देणारं यंत्र बसवलेलं आहे.

लगेच सांगा. ते मरतानाही शॉक देत राहतं. कंपनीच्या माणसाकडून शॉक बंद करून घेतात. तो नसेल तर त्वचेवरून चुंबक ठेवल्याने बहुतेक यंत्रांचे शॉक थांबतात.

पैसे संपलेत. हे बोलायची लाज वाटते.

बोला, पहिल्या दिवशीच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण फक्त योजनेतल्या दवाखान्यांत. भरतीच्या वेळीच दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, भेटा. उपयोग होणारा उपचार पैशासाठी सोडावा लागत असेल, तर सरकारी रुग्णालयात हलवायचं बोलणं आधी व्हावं. उपयोग नसलेल्या उपचारासाठी जमीन विकू नका. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते डॉक्टरांनी वेगळे करून सांगितले पाहिजेत. बिल थकलं म्हणून देह अडवून ठेवता येत नाही.

मृत्यूनंतर कागद कोणते?

दवाखान्यात गेले तर मृत्यूच्या कारणाचा दाखला नमुना ४ मध्ये, घरी गेले तर शेवटच्या आजारात तपासलेल्या डॉक्टरकडून नमुना ४अ मध्ये. नोंद २१ दिवसांत. विषबाधा, साप, अपघात असेल तर डीएनएआर असो वा लिव्हिंग विल, पोलिसांना कळवणं आणि पंचनामा चुकत नाही, शवविच्छेदनही बहुतेक वेळा होतंच. हे डॉक्टरांनी आधीच सांगावं, म्हणजे गावाकडे सरण रचून बसलेल्यांना ताटकळावं लागत नाही.